डोंगरातलं तळं, दोन रात्री, चौघं आणि ८००० रुपये: बडोद्याहून कुठे जावं?

पिशवीभर_ऊन | १८ नोव्हेंबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. लाभपंचमी उलटली, दुकानं उघडली, सगळं बडोदं फिरून परत आलं, आणि आमच्या घरात आता कुठे कुरबूर सुरू झालीय की आपणच कसे कुठे गेलो नाही. नवऱ्याला दिवाळीत सुट्टी नव्हती. डिसेंबरच्या १, २, ३ तारखेला, म्हणजे मंगळ-बुध-गुरू, रजा मिळतेय.

माणसं चार. लेक नऊ वर्षांची, तिची अट: तंबूतच झोपायचं. सासूबाई अडुसष्टच्या, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी, त्यांची अट: तळं पाहिजे, पण सुरसागरसारखं गावातलं नको, डोंगरातलं. नवऱ्याची अट: ८००० च्या वर जायचं नाही. माझी अट एकच, मी तिथे जाऊन पोळ्या लाटणार नाही.

गाडी नाही. एक स्कूटर आहे, ती चौघांना पुरत नाही. सुचवा.

रावपुरेकर | रात्री १०:०२

अबू. विषय संपला.

सुरसागर_काका | रात्री १०:३०

विषय कसा संपला? अबूला मी आठ-दहा वेळा गेलोय म्हणून सांगतो. तळं उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. देवांनी नखांनी खोदलं म्हणून नाव नक्की, ही गोष्ट प्रत्येक होडीवाला सांगतो. गांधीजींच्या अस्थी १९४८ च्या फेब्रुवारीत तिथे विसर्जित केल्या, तो घाट आहे. गुरुशिखर १७२२ मीटर, म्हणजे अख्ख्या अरवलीत सगळ्यात उंच. हे सगळं मान्य.

पण तळ्याच्या काठावर अर्धं गुजरात बसलेलं असतं, आणि ते का आलेलं असतं हे आपल्याला माहीत आहे. बाटली राजस्थानात मिळते, गुजरातेत मिळत नाही. संध्याकाळनंतर त्या रस्त्यावरून सासूबाईंना आणि नऊ वर्षांच्या पोरीला घेऊन चालायला मला तरी नको वाटतं.

एकदा फोनवर खोलीचा एक भाव ठरला होता, पोचल्यावर मालक म्हणाला तो भाव "हिलव्ह्यू नसलेल्या" खोलीचा. खिडकी उघडली तर समोर दुसऱ्या हॉटेलची पाण्याची टाकी. भाव मात्र दीडपट घेतला. रात्री साडेनऊला चार डाग आणि बायको घेऊन माणूस कुठे भांडणार?

रावपुरेकर | रात्री १०:३४

काका, तो सीझन असेल. डिसेंबरच्या मंगळवारी कोण असतंय तिथे. आणि अबू रोडपर्यंत गाडी थेट आहे.

सुरसागर_काका | रात्री १०:४१

अबू रोडपर्यंत थेट आहे. अबूपर्यंत नाही. पुढचे अठ्ठावीस किलोमीटर घाट, आणि चौघांचं जीपभाडं त्या ८००० मधूनच जाणार आहे.

कारेलीबागची_कुंदा | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

इतक्या लांब कशाला जायचं? पावागड आहे की, पन्नास किलोमीटरवर. "डोंगरातलं तळं" हे शब्द त्याच्याइतके दुसऱ्या कुठल्याच जागेला लागू होत नाहीत. वर देवळाच्या खाली दुधिया तलाव आहे, त्याच्या आसपास छासिया आणि तेलिया. दूध, ताक, तेल. डोंगराच्या प्रत्येक टप्प्यावर पाणी अडवून ठेवलेलं आहे, कारण एवढ्या मोठ्या गडावर फौज ठेवायची तर पाणी हवंच. खाली चांपानेरला वडा तलाव. चांपानेरला हजार विहिरींचं गाव म्हणायचे ते उगाच नाही.

सासूबाईंना माचीपासून रोपवेने न्या. वर उतरल्यावर पायऱ्या आहेत, पण दुधिया तलावापाशीच बसून राहायचं तर गुडघ्यांना त्रास नाही. मी आईला तिथे बसवून पुढे देवळात जाऊन आले होते. तिने तेवढ्यात एका बाईकडून लोणच्याची कृती मिळवली.

पिशवीभर_ऊन | सकाळी ८:०५

कुंदाताई, पावागड आम्ही दरवर्षी करतो. पण राहायचं कुठे? लेकीचा तंबू?

कारेलीबागची_कुंदा | सकाळी ८:२०

तंबूचं मात्र जमणार नाही. २००४ पासून तो सगळा परिसर जागतिक वारसा आहे, आणि तसाही देवीच्या डोंगरावर तुम्हाला कोण खुंट्या ठोकू देणार. संध्याकाळी खाली या आणि पुढे जांबुघोड्याला जा. तिथे जंगलखात्याचा धनपरीचा कँप आहे, कडा धरणाचं पाणी आहे, चारी बाजूंनी टेकड्या. झंड हनुमान जवळ. अस्वलं आहेत हं जंगलात, लेकीला आधीच सांगू नका.

इतिहासाचा_तास | सकाळी ९:४०

विषय निघालाच आहे म्हणून: पावागडासकट सगळा पंचमहाल शिंद्यांकडे होता. १८५३ मध्ये त्यांनी तो कारभारासाठी इंग्रजांना दिला आणि १८६१ मध्ये ग्वाल्हेर-झाशीकडच्या मुलखाच्या बदल्यात कायमचा देऊन टाकला. म्हणजे बडोद्याच्या उंबऱ्यावरचा डोंगर, पण गायकवाडांचा नव्हताच. बडोद्याचे लोक "आपला पावागड" म्हणतात तेव्हा मला गंमत वाटते.

रावपुरेकर | सकाळी ९:४४

सर, त्या बाईंना ८००० मध्ये बसवायचंय.

निंबूसरबत | दुपारी १:१०

सापुतारा कुणी म्हणालं नाही अजून? तळं आहे, डोंगर आहे, होड्या आहेत, रोपवे आहे. पण एक कानात सांगते, "लेकसाइड टेंट" अशी जाहिरात दिसली तर फोटोवर जाऊ नका. आम्ही गेल्या वर्षी आगाऊ पैसे भरून गेलो. तंबू होते खरे, पण एका हॉटेलच्या गच्चीवर, सिमेंटवर, खुंटीच्या जागी विटा. तळं दिसायचं ते मान वाकडी करून, दोन जाहिरातींच्या फळ्यांच्या मधून. आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी साखरपुड्याचा डीजे. पैसे परत मागितले तर म्हणाले, लेक दिसतोय ना? दिसत होता. काय बोलणार?

आगगाडीवेडा | दुपारी २:३५

थांबा थांबा. सापुतारा म्हणालात आणि बिलिमोरा–वघईची छोटी गाडी कुणी काढली नाही? बडोदेकर म्हणवता स्वतःला?

ही आपल्या गायकवाडांची गाडी आहे. गायकवाड बरोडा स्टेट रेल्वे. आपल्या संस्थानाला अरुंद रुळांचं वेड जुनंच, १८६२ मध्ये डभोई–मियागाम सुरू झाली तेव्हा डबे बैल ओढायचे, इंजिनं दहाएक वर्षांनी आली. बिलिमोरा–वघई त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, पहिल्या महायुद्धाच्या जरा आधी, सयाजीरावांच्या काळात. डांगचं सागवान खाली आणायला. रुळांची रुंदी अडीच फूट, लांबी ६३ किलोमीटर, आणि ती कापायला साधारण तीन तास. सायकलवाला हात करून पुढे जातो. २०२० मध्ये सगळ्या गाड्यांबरोबर बंद पडली, कायमची बंद करायचंही घाटत होतं, पण २०२१ च्या सप्टेंबरात पुन्हा धावली. गंदेवी, चिखली रोड, रानकुवा, अनावल, उनाई, डुंगरडा, वघई. सुरुवातीला चिकूच्या आणि आंब्याच्या वाड्या, उसाची शेतं. उनाईच्या पुढे रूळ जंगलात शिरतात आणि डब्यातला उजेड हिरवा होतो.

तुमचा मार्ग असा: बडोद्याहून पहाटेची गाडी, बिलिमोऱ्याला उतरा, तिथेच बाजूला छोट्या लाइनीचा फलाट. सकाळची गाडी धरली की दुपारी वघई. तिकीट इतकं कमी आहे की खिडकीवरचा माणूस सुट्ट्यांसाठी वैतागतो. वघईहून सापुतारा पन्नासेक किलोमीटर, एसटी आहे. निघायच्या आदल्या दिवशी छोट्या गाडीची वेळ मात्र पुन्हा बघा, त्या लाइनीवर दिवसाला मोजक्याच फेऱ्या.

पिशवीभर_ऊन | दुपारी ३:००

हे वाचून दाखवलं. सासूबाई म्हणतात त्यांचे वडील याच गाडीने नोकरीला जायचे, उनाईला. आता माझ्या हातात काही राहिलेलं नाही.

आगगाडीवेडा | दुपारी ३:०२

बघा!!

कातळकडा | दुपारी ४:५०

मी मूळची नाशिकची, लग्न होऊन इथे आले, सापुतारा आमच्या बाजूनेही जवळ म्हणून दोन्हीकडून चढलेय. जरा सविस्तर लिहिते, कारण इथे सगळे तळ्यावर राहा, तळ्यावर राहा करतायत आणि मला तिथेच घोळ वाटतो.

सापुताऱ्याचं तळं गावाच्या मधोमध आहे. त्याच्या भोवती रस्ता, रस्त्याभोवती हॉटेलं. दिवसा होड्या, मक्याची कणसं, घोडेवाले, स्पीकर. ज्या खोलीतून तळं दिसतं त्या खोलीचा भाव तळ्याचा असतो, खोलीचा नसतो. तळं बघायला तिथे राहायची गरज नाही, तळ्यापाशी सकाळी साडेसहाला हजर असायची गरज आहे. त्या वेळी होड्या बांधलेल्या असतात, दुकानांची शटरं खाली असतात.

म्हणून पहिली रात्र वर जाऊच नका. छोटी गाडी वघईला सोडते, आणि वघईजवळच अंबिका नदीच्या काठी जंगलखात्याचं किलाडचं कँपस्थळ आहे. तंबू त्यांचेच, जेवण तिथलेच लोक बनवतात. (तुमची पोळ्यांची अट तिथेच मिटली.) आगाऊ नोंदणी करा, ओळखपत्रं बरोबर ठेवा. आठवड्याच्या मधल्या दिवशी शाळांच्या सहली नसल्या तर शांत असतं, ते फोनवरच विचारून घ्या. दुसऱ्या दिवशी वघईचं वनस्पती उद्यान बघून दुपारच्या एसटीने वर. दुसरी रात्र सापुताऱ्यात, तळ्यापासून दहा मिनिटं मागे असलेली साधी खोली. तळं दिसणारी घेऊ नका. तिसऱ्या दिवशी पहाटे तळं.

गिरा धबधब्याला खास म्हणून जायचं तर पावसाळ्यात. डिसेंबरात पाणी रोडावतं, वाटेवर आहे म्हणून डोकावा फार तर.

पिशवीभर_ऊन | संध्याकाळी ६:१५

कातळकडाताई, हे पटलं. नवऱ्यालाही पटलं, कारण "तळ्याचा भाव" हे त्याला फारच आवडलं. आता तंबूबद्दल सांगा. आम्ही कुणीच आयुष्यात झोपलेलो नाही. डिसेंबरात काय न्यायचं? सासूबाई दोन गोधड्या म्हणतायत.

कातळकडा | रात्री ९:०५

गोधड्या न्याच, पण त्यातली एक खाली घाला. नवशिके सगळी उब वर घेतात आणि रात्री दोनला कळतं की गारठा जमिनीतून येतोय. पांघरुणापेक्षा अंथरूण महत्त्वाचं. पातळ फोमची गुंडाळी मिळते ती, नाहीतर जुनं सतरंजीचं दुपदरी घडीचं अंथरूणही चालतं. हवा भरायची गादी मात्र नको, आतली हवा गार पडते आणि रात्रभर पाठ गार.

दुसरं, तंबू गच्च बंद करून झोपू नका. चार माणसांचा श्वास कापडाला लागतो, त्याचं पाणी होतं आणि पहाटे तोंडावर टपकतं. लोकांना वाटतं तंबू गळका आहे. वरची जाळी थोडी उघडी ठेवा, टोपी घाला. लोकरीची कानटोपी कितीही गावठी दिसली तरी घाला.

तिसरं, जागा निवडायला मिळाली तर पाण्याच्या अगदी कडेचा, खोलगटातला तंबू घेऊ नका. रात्री गार हवा उताराने खाली येऊन तिथेच साचते, दव तिथे जास्त. वीस पावलं वर, जरा उंचवट्यावर, पाठीला झाडी आणि तोंड पूर्वेला. सकाळचं ऊन लवकर आलं की तंबू लवकर वाळतो आणि माणसंही.

शेकोटीचा हट्ट धरू नका. सागाचं वाळकं पान म्हणजे कागदच, जंगलखातं ठरवून दिलेल्या जागेशिवाय पेटवू देत नाही आणि बरोबर करतं. खाऊ तंबूत ठेवू नका, वानरं आणि मुंग्या दोघांनाही वास येतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, चपला-बूट रात्री आत घ्या.

सुरसागर_काका | रात्री ९:३०

खाऊ म्हणजे काय काय? प्रवासाला बडोद्याचा लीलो चिवडा आणि भाकरवडी घेतल्याशिवाय निघू नये. ठेपले तीन दिवस टिकतात. दही नेऊ नका, आम्ही एकदा नेलं होतं, डबा उलटला तो थेट आमच्या साडूच्या बॅगेत. अजून बोलत नाही.

निंबूसरबत | रात्री ९:४८

काका, तुमच्या प्रत्येक सहलीत कुणीतरी बोलायचं बंद होतं.

इतिहासाचा_तास | रात्री १०:१०

जाताच आहात तर हतगड बघा. सापुताऱ्यापासून पाचेक किलोमीटर, सीमेपलीकडे, नाशिक जिल्ह्यात. कातळ फोडून काढलेला दरवाजा, पाण्याची टाकी, वरून तळ्यासकट सापुतारा दिसतो. वाटेत एका वळणानंतर पाट्या गुजरातीतून मराठीत येतात, ते वळण मला फार आवडतं. डांगी बोली कानावर पडली तर अर्धी आपलीच वाटेल, खानदेशी वळण आहे तिला. १९६० ला डांग गुजरातेत गेला, त्याआधी भाषेवरून बरीच ओढाताण झाली होती. आता ते असो.

सापुतारा या नावाचा अर्थ सापांचा उतारा, म्हणजे सापांचं वस्तीस्थान. सर्पगंगेच्या काठी नागाची प्रतिमा आहे, डांगचे आदिवासी होळीला तिची पूजा करतात. आजींना सांगायला हरकत नाही, लेकीला सांगू नका.

कारेलीबागची_कुंदा | २० नोव्हेंबर, सकाळी ७:००

लेकीला अस्वल सांगायचं नाही, साप सांगायचा नाही. मग सांगायचं काय? जाऊ दे. माझं अजूनही जांबुघोडाच मत आहे, पण ती छोटी गाडी वाचून मलाही जावंसं वाटतंय.

पिशवीभर_ऊन | २१ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

किलाडला फोन झाला, दोन तंबू मिळाले. त्या दिवशी शाळेची सहल नाही. बिलिमोऱ्यापर्यंतची तिकिटं काढली. परत आल्यावर लिहिते.

पिशवीभर_ऊन | ५ डिसेंबर, रात्री ८:४०

आलो! काल पहाटेच पोचलो, आज दिवसभर कपडे धुतले.

पहिल्या दिवशी बडोद्याच्या गाडीला उशीर झाला, बिलिमोऱ्याला पूल ओलांडून पळत सुटलो. सासूबाई गुडघेबिडघे विसरून माझ्या पुढे. छोटी गाडी उभी होती. डबा असा की समोरासमोर बसलं तर गुडघे एकमेकांना लागतात. सासूबाई खिडकीला बसल्या आणि उनाई येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. उनाईला उतरून फलाटाच्या त्या टोकाला गेल्या, एका पिंपळाकडे बघून आल्या, गार्डसाहेब शिट्टी हातात धरून थांबले होते. त्या काही सांगत नाहीत, मीही विचारलं नाही. मग एकदम म्हणाल्या, चिवडा काढ.

(आगगाडीवेडादादा, हिरव्या उजेडाचं खरं आहे.)

किलाडला तंबू उंचवट्यावरचाच मागून घेतला. जेवायला नागलीचा रोटला, उडदाची डाळ, वांग्याचं भरीत, लसणाची चटणी. लेक घरी नाचणी म्हटली की तोंड वाकडं करते, तिथे दोन रोटले खाल्ले. रात्री दहानंतर काळोख म्हणजे काय ते कळलं. मध्यरात्री लेकीने उठवलं, "आई, पाऊस." बाहेर टपटप आवाज, अगदी पावसाचाच. नवरा टॉर्च घेऊन बाहेर गेला तर आभाळ चांदण्यांनी भरलेलं. सागाच्या त्या सुपाएवढ्या पानांवर दव साचत होतं आणि एका पानावरून खालच्या पानावर ठिबकत होतं. मग आम्ही तिघं तोंडं बाहेर काढून ऐकत बसलो. सासूबाई दुसऱ्या तंबूत गाढ झोपल्या होत्या, खाली गोधडी, वर गोधडी, डोक्याला कानटोपी.

आता कबुली. बूट आत घ्यायचे राहिले. म्हणजे सगळ्यांचे घेतले, लेकीचे राहिले. सकाळी उचलले तर पाणी ओतावं लागलं. दुसरी जोडी नव्हती. मग आजीचे लोकरी मोजे, त्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्यावर रबरबँड. अशा पायांनी बाईसाहेब वनस्पती उद्यान फिरल्या. बांबूच्या एवढ्या जाती असतात हे मला माहीत नव्हतं. तिला मात्र फक्त पिशव्यांचा चुरचुर आवाज आठवतोय.

वघईत बाजारात चाळीस रुपयांची स्लीपर मिळाली, मग ती एसटीत बसली. घाट सुरू झाल्यावर नवरा गप्प झाला. लिंबू-मीठ बरोबर होतं.

सापुताऱ्यात दुपारी तळं बघितलं आणि कातळकडाताईंची आठवण झाली. मंगळ-बुध असूनही स्पीकर चालू होता. एक होडी फिरलो, लेकीने पॅडल मारलं, नवऱ्याने पैसे मोजले. खोली मागच्या गल्लीत घेतली, खिडकीतून फक्त एक भिंत आणि मांजर.

तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला चौघं तळ्यावर. धुकं पाण्याच्या वर हातभर, पलीकडचा डोंगर नाहीच. होड्या साखळीला बांधलेल्या, एकमेकींना लागून ठक ठक वाजत होत्या. एक चहावाला स्टोव्ह पेटवत होता, पेटत नव्हता. सासूबाई बाकावर बसल्या. उजाडत गेलं तसं धुकं एका बाजूने उचललं गेलं, आधी डोंगराचा पाय दिसला, मग कंबर. सातला पहिली बस आली, त्यातून पन्नास पोरं उतरली आणि सगळं संपलं. पाऊण तास मिळाला.

मग जीप करून हतगडाच्या पायथ्याला. सासूबाई पायथ्यालाच थांबल्या, एका बाईशी गप्पा मारत. (कुंदाताई, लोणच्याची कृती नाही मिळाली, पण त्या बाईचं माहेर आमच्या आजोळच्या शेजारच्या गावचं निघालं.) आम्ही वर जाऊन आलो. पाट्या बदलतात ते वळण लेकीने ओळखलं.

आता हिशोब, नवऱ्याच्या वहीतून. सगळ्या गाड्या, एसटी मिळून २१५०. किलाडचे दोन तंबू जेवणासकट २४००. सापुताऱ्याची खोली १५००. बाकीचं खाणं-चहा १२५०. हतगडची जीप ५००. होडी, स्लीपर, किरकोळ ४००. झाले ८२००. वर सासूबाईंचे नागलीचे पापड आणि मध ३५०. एकूण ८५५०. नवरा म्हणतो पापड सहलीच्या खात्यात धरायचे नाहीत, घरखर्चात धरायचे. तरी २०० वर जातातच. त्यावर सध्या बोलणी चालू आहेत.

कातळकडा | रात्री ९:१०

वाचून बरं वाटलं. बूट वाळायला वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आत, दर दोन तासांनी बदला. उन्हात कडक वाळवलेत तर सोल सुटेल.

पिशवीभर_ऊन | रात्री ९:१४

दोन दिवसांची रद्दी गेली. अजून ओलेच आहेत.

आगगाडीवेडा | रात्री ९:२०

उनाईचा पिंपळ फलाटाच्या कुठल्या टोकाला? बिलिमोऱ्याकडच्या की वघईकडच्या? मी पुढच्या महिन्यात जातोय, फोटो काढून आणतो आजींसाठी.

पिशवीभर_ऊन | रात्री ९:३१

विचारून आले. वघईकडच्या. आणि म्हणाल्या, फोटो नको, तिकीट आणा.

सुरसागर_काका | रात्री ९:४०

पापड तळलेत की भाजलेत?

पिशवीभर_ऊन | रात्री ९:४२

भाजून. तळले की तेल फार पितात.

रावपुरेकर | रात्री ११:०५

सगळं ठीक आहे. पण अबू रोडला रबडी मिळते.

निंबूसरबत | रात्री ११:०६

दादा, झोपा आता.